८९६ ओळींतली एक ओळ

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

संगणकाचा प्रोग्राम, म्हणजे आज्ञावली, लिहायला शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात एक धडा मिळतो. उत्तर चुकले तर चूक तुझी आहे, यंत्राला दोष देऊ नकोस. धडा योग्य आहे आणि बहुतेक वेळा तो खराही ठरतो. पण आपण लिहिलेला प्रोग्राम यंत्र जसाच्या तसा वाचत नाही. आपण सी किंवा फोर्ट्रानसारख्या भाषेत लिहितो आणि यंत्राला फक्त त्याचे स्वतःचे आकडे कळतात. या दोघांमध्ये एक दुभाषा बसलेला असतो. त्याचे नाव कम्पायलर. आता प्रश्न असा की, या दुभाष्यानेच अर्थाचा अनर्थ केला तर?

ही शंका काल्पनिक नाही. कम्पायलर हाही शेवटी माणसांनी लिहिलेला प्रोग्रामच. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली जीसीसी हा मुक्त कम्पायलर लोकांसमोर ठेवला. पुढे जगभरच्या शेकडो लोकांनी त्यात भर घातली आणि तो लाखो ओळींचा झाला. एवढ्या मोठ्या कामात चुका राहणारच. त्यातल्या काही चुका निदान ओरडून सांगतात. भाषांतर करता करता कम्पायलर स्वतःच कोसळतो आणि ‘अंतर्गत बिघाड’ असा संदेश देतो. दुसऱ्या प्रकारच्या चुका गप्प असतात. कम्पायलर काम पुरे करतो, तक्रार काही करत नाही आणि चुकीचे भाषांतर हातात ठेवतो. मोटारीच्या ब्रेकपासून रुग्णालयातल्या उपकरणांपर्यंत पुष्कळ ठिकाणचे प्रोग्राम सी भाषेत लिहिलेले असतात. तिथे हा गप्प दुभाषा किती महागात पडू शकेल, याची कल्पना आपण करू शकतो.

मी पुण्यात बरीच वर्षे कम्पायलर तपासण्याचे काम केले. या कामातली खरी अडचण बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. चूक आहे, हे कळणे फारसे अवघड नाही. ती नेमकी कशामुळे होते, हे कळणे अवघड. ग्राहकाचा प्रोग्राम हजारो ओळींचा असतो. त्यात तो ज्या हेडर फाइली ओढून घेतो, त्या उलगडल्या की ओळींची संख्या आणखी कितीतरी पटीने वाढते. त्या ढिगाऱ्यातल्या कुठल्यातरी पाच-दहा ओळींवर कम्पायलर अडखळलेला असतो. दुरुस्ती करणारा अनुभवी माणूस म्हणतो, ‘मला एवढे सगळे नको. जिच्यात बिघाड दिसेल अशी छोटीशी आज्ञावली द्या.’ त्याचे म्हणणे रास्त असते, कारण त्याच्या टेबलावर अशा शंभर तक्रारी पडलेल्या असतात. पण हे छोटे करायचे कोणी?

मी या कामाला लागलो त्या काळी, १९९० च्या दशकाच्या अखेरीस, ते हातानेच होई. मूळ फाइलची प्रत काढायची. एक फंक्शन खोडायचे. कम्पायलर चालवायचा. बिघाड अजून दिसतो? मग ते फंक्शन निरुपयोगी होते, ते गेलेच. बिघाड नाहीसा झाला? मग ते परत आणायचे आणि दुसरे खोडून पाहायचे. सूप हातात घेऊन धान्य पाखडत बसावे, तसे हे काम. फोलपट उडाले पाहिजे आणि दाणा सुपातच राहिला पाहिजे. ते नेहमी खात्यातल्या सर्वांत धाकट्या माणसाच्या वाट्याला येई. आमच्याकडच्या एका मुलीने आठ दिवस खपून एक भला मोठा प्रोग्राम अकरा ओळींवर आणला होता. त्या अकरा ओळी पाहून वरिष्ठाने अर्ध्या तासात दुरुस्ती केली. ग्राहकाचे आभाराचे पत्र वरिष्ठाच्या नावे आले. वर्षअखेरीच्या मूल्यमापनाच्या तक्त्यात ‘काटछाट’ नावाचा रकानाच नव्हता. त्यामुळे त्या आठ दिवसांत तिने काय केले, हे कागदावर कुठेच उमटले नाही. मला वाटते, या हमालीचे ओझे ज्यांनी उचलले, त्यांच्याच मनात ती यंत्राकडे सोपवण्याची कल्पना आधी आली असणार.

तसे प्रयत्न सुरूही झाले होते. अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कंपनीतले विल्यम मॅकीमन यांनी १९९८ साली एक लेख लिहिला. त्यांची पद्धत मजेदार होती. यंत्राकडूनच वेडेवाकडे सी प्रोग्राम तयार करवून घ्यायचे आणि तेच वेगवेगळ्या कम्पायलरांना द्यायचे. दोघांची उत्तरे जुळली नाहीत, तर कुणाचे तरी चुकले. असे यंत्राने रचलेले प्रोग्राम लांबलचक आणि निरर्थक असत, म्हणून ते आपोआप लहान करण्याची सोयही त्यांनी केली होती. त्याच्या आदल्या वर्षी क्रे या महासंगणकांच्या कंपनीतल्या ब्रायन नेस आणि व्हिएत न्गो यांनी दुसऱ्या टोकाने सुरुवात केली होती. कम्पायलरमध्ये झालेल्या अनेक फेरबदलांपैकी कोणत्या बदलाने काम बिघडले, हे त्यांनी यंत्राला शोधायला लावले. म्हणजे कल्पना हवेत होती. पण तिला एक साधा, कुठेही लागू पडणारा नियम अजून मिळाला नव्हता.

तो मिळाला त्याची हकिगत कम्पायलरपासून थोडी दूर, इंटरनेटच्या जगात घडली. नेटस्केप कंपनीने १९९८ साली आपल्या ब्राउझरचा मूळ मजकूर सर्वांना खुला केला आणि त्यातून मोझिला प्रकल्प उभा राहिला. जुलै १९९९ मध्ये त्यांच्याकडे बिघाडाच्या ३७० हून अधिक तक्रारी साचल्या होत्या. कुठले तरी वेबपान उघडले की ब्राउझर कोसळतो, असे त्यांचे स्वरूप. पाने मोठी, माणसे थोडी. तेव्हा त्यांनी स्वयंसेवकांना आवाहन केले. या आणि ही पाने छोटी करून द्या, बिघाड टिकवून बाकीचे सगळे काढून टाका. पाच तक्रारी लहान करणाऱ्याला नव्या ब्राउझरच्या प्रकाशन समारंभाचे आमंत्रण. वीस करणाऱ्याला अभियंत्यांच्या सह्या असलेला टी-शर्ट!

त्या वेळी जर्मनीतल्या पासाऊ विद्यापीठात आंद्रेआस त्सेलर नावाचे संशोधक याच प्रश्नावर काम करत होते. त्यांचा स्वतःचा अनुभव ताजा होता. प्रोग्राममधल्या चुका शोधायला मदत करणारे डीडीडी हे साधन त्यांच्याच गटाचे, आणि ते जीडीबी या दुसऱ्या साधनावर उभे होते. जीडीबीची ४.१६ ही आवृत्ती जाऊन ४.१७ आली आणि डीडीडी नीट चालेना. दोन आवृत्त्यांत १ लाख ७८ हजार ओळींचा फरक! त्सेलर यांनी यंत्रालाच शोधायला बसवले. काही तासांत यंत्राने एकच बदल पुढे ठेवला. जीडीबीच्या एका उत्तरातली शब्दरचना किंचित बदलली होती आणि डीडीडी जुन्या शब्दांची वाट पाहत बसला होता. १९९९ साली हे प्रसिद्ध झाले. या पद्धतीला त्यांनी ‘डेल्टा डीबगिंग’ असे नाव दिले. डेल्टा म्हणजे फरक.

पुढे राल्फ हिल्डेब्रांट यांच्यासह त्यांनी हीच युक्ती मोझिलाच्या पानांना लावली. तिचे मर्म घरगुती उदाहरणाने सांगतो. समजा, घरात आठ उपकरणे चालू असताना विजेचा खटका पडतो. फ्रीज, गिझर, मिक्सर आणि टीव्ही ही पहिली चार. इस्त्री, पाण्याची मोटर, पंखा आणि मायक्रोवेव्ह ही दुसरी चार. आपण काय करू? निम्मी बंद करून पाहू. एका निम्म्यावर खटका पडला, तर दुसऱ्या निम्म्याचा विचारच नको. एका फटक्यात काम अर्धे झाले. पण समजा, गिझर आणि इस्त्री दोन्ही एकदम चालू असतील तरच खटका पडतो. मग पहिल्या चारवर तो पडणार नाही आणि दुसऱ्या चारवरही नाही. इथे घाईचा माणूस हात टेकतो. त्सेलर यांचा नियम म्हणतो, तुकडे आणखी लहान करा. दोन-दोनच्या चार जोड्या करा आणि एकेक जोडी वगळून उरलेली सगळी चालू ठेवा. मिक्सर-टीव्ही वगळून खटका पडतोच? मग ती जोडी निर्दोष, ती कायमची बाजूला. पंखा-मायक्रोवेव्हचेही तेच. गिझर ज्या जोडीत आहे ती वगळली, तर मात्र खटका पडत नाही. ती परत आणा. असे करत शेवटी एकेकावर या. जे उरेल त्यातली कोणतीही एक वस्तू काढली की खटका पडणे थांबते. तिथे थांबायचे.

यात शहाणपण कुठले, असे वाटेल. हे तर इलेक्ट्रिशियनही करतो. खरे आहे. पण आठ उपकरणांच्या जागी हजार ओळी असतील, तर ओळींच्या सगळ्या जुळण्या तपासायला विश्वाचे आयुष्य पुरणार नाही. हा नियम थोड्या फेऱ्यांत काम उरकतो. त्या बदल्यात तो एक गोष्ट सोडून देतो. हाती आलेले उत्तर शक्य तितके सर्वांत लहान असेल, अशी हमी तो देत नाही. त्यातून आणखी एकही तुकडा काढता येणार नाही, एवढेच तो म्हणतो. व्यवहारात तेवढे पुष्कळ असते.

२००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातले आकडे बोलके आहेत. एक बिघाड वापरकर्त्याच्या ९५ कृतींनंतर होत होता, त्यातल्या फक्त ३ आवश्यक निघाल्या. ८९६ ओळींचे वेबपान कापत कापत एका ओळीवर आले. या सगळ्याला १३९ चाचण्या लागल्या आणि ५०० मेगाहर्ट्झच्या संगणकाने ते ३५ मिनिटांत केले. टी-शर्टची गरजच उरली नाही. आमच्या क्षेत्राच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे, त्याच निबंधात एक उदाहरण कम्पायलरचे होते. जीसीसीची २.९५.२ ही आवृत्ती ७५५ अक्षरांच्या एका सी प्रोग्रामवर कोसळत होती. यंत्राने तो ७७ अक्षरांवर आणला.

इथे गोष्ट संपायला हवी होती, पण कम्पायलरच्या प्रांतात ती खरी इथून सुरू झाली. वेबपानातली कुठलीही ओळ उडवली तरी ब्राउझर उरलेले पान कसेबसे दाखवतो. सी भाषा इतकी उदार नाही. उघडणारा महिरपी कंस काढला आणि मिटणारा ठेवला, की सगळा प्रोग्राम व्याकरणदृष्ट्या बाद. आंधळेपणाने ओळी तोडणाऱ्या यंत्राच्या बहुतेक चाचण्या अशा वाया जात. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात तयार झालेल्या ‘डेल्टा’ या साधनाने कंसांच्या खोलीप्रमाणे मजकुराची मांडणी करून मग छाटण्याची सोय केली आणि कम्पायलर लिहिणाऱ्यांत ते चांगले रुळले. २००६ साली घसान मिशेर्गी आणि झेंडाँग सू यांनी हीच जाण व्यवस्थित नियमात बसवली. झाडाची छाटणी करताना आधी मोठ्या फांद्या पाहाव्यात, मग डहाळ्या, मग पाने, तशी त्यांची रीत.

मग अमेरिकेच्या युटा विद्यापीठातून मोठा रेटा आला. जॉन रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीस्मिथ नावाचा प्रोग्राम तयार केला. मॅकीमन यांच्याच वाटेने जाऊन तो स्वतः सी प्रोग्राम रचत असे. तीन वर्षांत त्यांनी ३२५ हून अधिक नव्या चुका कम्पायलर लिहिणाऱ्यांना कळवल्या. २०११ साली त्यांनी जाहीर केलेला निष्कर्ष अस्वस्थ करणारा होता. त्यांनी तपासलेला प्रत्येक कम्पायलर कधी ना कधी कोसळला होता आणि प्रत्येकाने कधी ना कधी गुपचूप चुकीचे भाषांतर केले होते. पण इथे एक पेच होता. त्यांच्या अनुभवात सर्वाधिक चुका सापडत त्या सरासरी ८१ किलोबाइट लांबीच्या प्रोग्राममधून. म्हणजे चुका पकडायला प्रोग्राम मोठा हवा आणि चूक कळवायला तो लहान हवा. मधले अंतर पुन्हा कुणीतरी हाताने कापायचे.

त्यातून सी-रिड्यूस जन्माला आले. २०१२ साली ते जाहीर झाले. त्याआधीची साधने मजकुराचे तुकडे फक्त काढून टाकत. सी-रिड्यूसला सी भाषेची जाण होती. ते फंक्शनचा मजकूर जिथे वापरला तिथेच उतरवून घेई, न लागणारी चलपदे काढी, गुंतागुंतीची रचना साधी करी. अशा अनेक युक्त्या ते आळीपाळीने लावून पाहत असे. एका युक्तीने मोकळी झालेली जागा दुसरीच्या उपयोगी पडे. कुठल्याच युक्तीने काही कमी होईना, की ते थांबे. तेव्हा सर्वाधिक वापरात असलेल्या साधनापेक्षा त्याचे उत्तर सरासरीने २५ पटींहून अधिक लहान येत असे.

पण या गटाचे मला सर्वांत मोलाचे वाटणारे काम वेगळेच आहे. सी भाषेच्या मानकात काही गोष्टींचा अर्थच ठरवून दिलेला नाही. चलपदाला किंमत न देताच ते वाचले, तर काय मिळेल, याचे कुठलेही आश्वासन भाषा देत नाही. आता कल्पना करा, छाटणी करणाऱ्या यंत्राने नेमकी किंमत देणारी ओळच उडवली. दोन कम्पायलर दोन वेगळी उत्तरे देणार. यंत्र म्हणणार, बिघाड अजून आहे, छान, पुढे चला. शेवटी पाच ओळींचा सुबक नमुना हाती येतो, पण त्यात कम्पायलरची चूक उरलेलीच नसते. तो नमुना घेऊन आपण दुरुस्ती करणाऱ्याकडे गेलो, तर तो आपल्याला दारातूनच परत पाठवील, आणि त्याचे बरोबर असेल. म्हणून युटाच्या मंडळींनी छाटणीच्या प्रत्येक पावलाला, उरलेला प्रोग्राम अजून अर्थपूर्ण आहे ना, हे तपासणारी दुसरी साधने मध्ये बसवली. त्यांतले एक म्हणजे फ्रान्समध्ये विकसित झालेले फ्रामा-सी.

इथे या साऱ्या इतिहासाचे सार आहे, असे मी मानतो. हे यंत्र म्हणजे अट्टल सांगकाम्या. त्याला आपण एक कसोटी लिहून देतो. ती प्रत्येक वेळी फक्त हो किंवा नाही म्हणते. ‘कम्पायलर अपयशी ठरला का?’ एवढेच विचारले, तर यंत्र एखादे अर्धविरामचिन्ह काढून टाकेल. कम्पायलर व्याकरणाची चूक दाखवील. कसोटी म्हणेल, हो, अपयशी ठरला. मग यंत्र आनंदाने सगळा प्रोग्राम खाऊन टाकील आणि एखादे निरर्थक अक्षर आपल्या हातावर ठेवील. त्याने काही चुकीचे केलेले नसते, आपण विचारले त्याचेच उत्तर दिलेले असते. म्हणून कसोटीत लिहावे लागते की, अमुकच संदेश आला पाहिजे, जुन्या आवृत्तीत तो येता कामा नये आणि प्रोग्राम अर्थपूर्ण राहिला पाहिजे. ओळी खोडण्याचे श्रम यंत्राने घेतले. पण नेमके काय जपायचे, हे ठरवणे माणसाकडेच राहिले आणि पूर्वीपेक्षा जास्त काटेकोर झाले. धान्य पाखडणारे सूप यंत्राचे झाले, तरी दाणा कशाला म्हणायचे हे सांगावे लागतेच.

आज ही साधने रोजच्या वापरातली झाली आहेत. एलएलव्हीएम या दुसऱ्या मोठ्या कम्पायलर प्रकल्पाची स्वतःची छाटणीची साधने आहेत. सी-रिड्यूसची पायथन भाषेतली नवी आवृत्ती, सी-व्हाइज, २०२० पासून उपलब्ध आहे. सी-रिड्यूस मुळात सीसाठी घडवलेले असले, तरी इतर भाषांतले प्रोग्रामही ते बऱ्यापैकी छाटते, असे आढळले आहे. आपल्याकडे आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीसीसी रिसोर्स सेंटर उभे केले आणि कार्यशाळांमधून या अवाढव्य कम्पायलरच्या आतली रचना विद्यार्थ्यांना उलगडून दाखवली. छाटलेला नमुना हाती आल्यावर पुढची वाट त्या रचनेतूनच जाते. कारण चूक कशावर उघड होते, एवढेच छाटणी दाखवते. ती का होते, हे तिला सांगता येत नाही. त्या चार ओळींवर कम्पायलरच्या कुठल्या पायरीचा पाय घसरला, हे माणसालाच शोधावे लागते.

तरुण अभियंत्यांना मी एवढेच सांगतो की, तक्रार छोटी करून देणे हे सौजन्य आहे. समोरच्या अनोळखी माणसाचा वेळ आपण वाचवतो. शिवाय छोट्या नमुन्याला मोठे आयुष्य लाभते. जीसीसीसारख्या प्रकल्पात दुरुस्ती झाली की तो नमुना फेकून देत नाहीत. तक्रारीच्या क्रमांकाचेच नाव देऊन त्याची छोटी फाइल कायमच्या चाचण्यांत ठेवतात. पुढे कोणीही कम्पायलरमध्ये बदल केला की त्या ओळी पुन्हा चालवल्या जातात. तीच चूक मागच्या दाराने परत आली, तर त्या लगेच ओरडतात. त्या मुलीच्या अकरा ओळींसारख्या हजारो ओळी आज जगभर अशा राखणीला बसलेल्या आहेत. फाइलींवर बहुतेकदा नुसता एक आकडा असतो.